रुपयाचा रेझिस्टर

मगरीबनंतर पेठ वडगावच्या बाजारपेठेतून एक फेरी मारली, तर एलईडी मोजता मोजता थकायला होते. मेडिकलच्या दारावरची सरकती अक्षरे, भेळगाड्यावरची पांढरी पट्टी, रिक्षाच्या टपावरची निळी माळ, मोटारसायकलचा मागचा लाल दिवा, दुकानदाराच्या चार्जरवरचा हिरवा ठिपका. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुलांना विचारा, मशीनच्या पॅनेलवर ती दिवसभर हेच लाल-हिरवे दिवे बघत असतात. ईद असो, गणपती असो की आपल्या कोल्हापूर भागात हिंदू-मुसलमान मिळून बसवतात ते मोहरमचे पंजे असोत, रोषणाई आता एलईडीचीच. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली, त्यानंतर तर हा दिवा महागडी वस्तू राहिलाच नाही.

यातला एखादा लहान दिवा उघडून पाहिला, तर त्याच्या शेजारी बहुधा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे असलेला एक तुकडा दिसतो. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तो रुपया-दोन रुपयांना मिळतो. त्याचे नाव रेझिस्टर. तो काढून दिवा थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला, तर दिवा एकदा लखकन चमकतो आणि कायमचा विझतो. हा तुकडा नेमके काय करतो, तो किती ओहमचा घ्यायचा हे कसे ठरवायचे आणि घरच्या टेबलावर त्याच्यासह पहिले सर्किट कसे जोडायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. आठवीपासून पुढची मुले-मुली आणि त्यांच्याबरोबर बसायला तयार असलेले आई-वडील, अशा दोघांसाठी आम्ही तो लिहीत आहोत.

हात एकीकडे, पुस्तक दुसरीकडे

आमच्या घरात दोन मुले आहेत. भाची नववीत आहे. 'धाराविद्युत' हा धडा तिचा तोंडपाठ, त्यातली गणिते ती चुटकीसरशी सोडवते. एका रविवारी आम्ही तिच्या हातावर रेझिस्टर ठेवला, तर ती म्हणाली, "मामू, हे काय आहे?" पुस्तकात तिने रोध म्हणून नागमोडी रेघ काढली होती. ती रेघ प्रत्यक्षात अशी दिसते, हे तिला कुणी दाखवले नव्हते. तिचा मोठा भाऊ दहावीनंतर शाळा सोडून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याचा हात इतका साफ की सोल्डरिंग गनचे टोक केसाएवढ्या जागेवर नेमके टेकवतो. त्याला विचारले, "इथे दोनशे सत्तरचाच रेझिस्टर का?" उत्तर आले, "उस्तादांनी सांगितलंय."

ही गोष्ट एका घराची नाही. घड्याळ दुरुस्ती, रेडिओ-टीव्ही, मोटर वाइंडिंग, वेल्डिंग, कल्हई, गॅरेज: आपल्या समाजात हुन्नराला कधी तोटा नव्हता. उस्तादाच्या शेजारी बसून, त्याच्या हाताकडे बघत शागीर्द शिकला. ही शिकण्याची उत्तम रीत आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण तिच्यात 'का' हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, आणि पॅनेलचा नकाशा वाचायची वेळ आली की मुलगा मागे सरतो. पगार वाढतो तो नकाशा वाचणाऱ्याचा. उलट शाळेत 'का' शिकवतात आणि वस्तू कपाटात बंद राहते. विज्ञान प्रदर्शनात तर आता तयार मॉडेल विकत आणून मांडायची पद्धत पडली आहे. त्यात मुलाने काय केले, तर नावाची चिठ्ठी चिकटवली.

ज्या जर्मन शिक्षकाच्या नावाने रोधाचे एकक ओळखले जाते, त्याच्या घरात या दोन्ही गोष्टी एका छताखाली होत्या. गेऑर्ग ओहम १७८९ साली एर्लांगेन गावी जन्मला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न गेलेले, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले. त्यांनी दोन्ही मुलांना घरीच गणित शिकवले. धाकटा मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेऑर्ग कोलोनच्या शाळेत मास्तर झाला, आणि तिथल्या प्रयोगशाळेत तारांची लांबी-जाडी बदलून वीज मोजत राहिला. कारागिराच्या घरात वाढल्याचा उपयोग इथे झाला, कारण उपकरणे त्याने बरीचशी स्वतःच बनवली. १८२७ साली त्याने आपले पुस्तक छापले. जर्मनीतल्या विद्वानांनी त्याला थंडा प्रतिसाद दिला, आणि निराश होऊन त्याने नोकरी सोडली. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक दिले ते १८४१ साली, पुस्तकानंतर चौदा वर्षांनी. म्युनिक विद्यापीठात मनासारखी प्राध्यापकी मिळाली तेव्हा आयुष्याची दोनच वर्षे उरली होती.

त्याने सांगितलेली गोष्ट एका ओळीची आहे : विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. बोलीभाषेत व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स. व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये. तिन्हीपैकी दोन माहीत असले की तिसरी निघते. आजचे काम या एका ओळीवर भागणार आहे.

अडवणूक कशासाठी?

वीज सगळ्या वस्तूंतून सारख्या सुखाने वाहत नाही. आपल्या हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तीच चांदी विजेसाठी धातूंमध्ये सर्वांत मोकळी वाट. तिच्या अगदी पाठोपाठ तांबे येते, म्हणून परवडणाऱ्या वायरी तांब्याच्या. इस्त्रीतली नायक्रोमची तार मात्र तांब्यापेक्षा साठपटीहून जास्त अडवते, आणि त्या अडवणुकीतच तापते. रेझिस्टर हा मुद्दाम मोजून केलेल्या अडवणुकीचा तुकडा आहे. नेहमीच्या स्वस्त रेझिस्टरमध्ये चिनी मातीची बारीक कांडी असते, तिच्यावर कार्बनचा पातळ थर, आणि त्या थरात स्क्रूच्या आट्यासारखी खाच पाडलेली असते. खाच जितकी लांब, तितकी विजेची वाट लांब आणि अरुंद, आणि रोध जास्त.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळातून दर मिनिटाला पडणारे पाणी म्हणजे करंट, अर्धवट बंद केलेला कॉक म्हणजे रेझिस्टर. उंची तीच ठेवून कॉक आवळला की धार बारीक होते.

आता एलईडीची खोड. साधा जुना बल्ब आणि एलईडी यांत मोठा फरक आहे. जुन्या बल्बची तार स्वतःच रोध असते, ती स्वतःपुरती वीज घेते. एलईडीला हा संयम नाही. त्याचे वागणे आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यासारखे आहे. पाणी बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत येईपर्यंत पलीकडे थेंबही पडत नाही; माथ्यावर वीतभर चढले की सगळीकडून कोसळू लागते. लाल एलईडीचा माथा साधारण दोन व्होल्टला असतो. दीड व्होल्टला तो अंधारा असतो. दोनच्या आसपास छान उजळतो. त्याच्या वर थोडेसेच व्होल्टेज चढवले तरी करंट कितीतरी पटींनी वाढतो. त्यात भर म्हणजे तो तापला की त्याचा माथा आणखी खाली येतो, म्हणजे आणखी करंट, आणखी उष्णता. असे करत तो स्वतःला जाळून घेतो. नेहमीच्या पाच मिलिमीटरच्या एलईडीला साधारण २० मिलिअँपिअरच्या आत ठेवायचे असते. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. ही मर्यादा एलईडी स्वतः पाळत नाही, रेझिस्टर त्याच्याकडून पाळून घेतो.

हा माथा रंगागणिक बदलतो, आणि रंग येतो तो वरच्या रंगीत प्लास्टिकमुळे नव्हे, आतल्या स्फटिकामुळे. पारदर्शक प्लास्टिकचा एलईडीही लाल उजळू शकतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९६२ साली बनवला. तेजस्वी निळ्यासाठी जगाला १९९० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. निळ्याचा स्फटिक वाढवणे अवघड होते, म्हणूनच तो साधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी आत निळाच असतो, वर पिवळसर लेप दिलेला. त्यामुळे निळ्या-पांढऱ्याचा माथा साधारण तीन व्होल्टला. लाल आणि पिवळ्याचा दोनला. हिरव्यात दोन्ही प्रकार मिळतात. जुना फिकट हिरवा दोनचा, नवा झगझगीत हिरवा तीनचा. दुकानदाराला विचारून घ्यावे.

वजाबाकी आणि भागाकार

आपण तीन पेन्सिल सेल घेणार आहोत. प्रत्येकी दीड, एकूण साडेचार व्होल्ट. लाल एलईडी त्यातले दोन घेईल, उरले अडीच. हे अडीच व्होल्ट रेझिस्टरला पेलायचे आहेत. करंट किती हवा? वीसची मर्यादा असली तरी दहा मिलिअँपिअरमध्ये आजचे एलईडी भरपूर उजळतात, म्हणून दहा धरू, म्हणजे ०.०१ अँपिअर. अडीच भागिले ०.०१ बरोबर २५० ओहम. झाले गणित.

दुकानात जाऊन अडीचशेचा रेझिस्टर मागाल, तर तो बहुधा मिळणार नाही. दोनशे वीसचा आहे, दोनशे सत्तरचा आहे. हे विचित्र आकडे का, असे भाचीने विचारले आणि तिचा भाऊही कान देऊन ऐकू लागला. कारखान्यात प्रत्येक रेझिस्टर तंतोतंत बनत नाही. पूर्वी दहा टक्के इकडे-तिकडे चालवून घेत. दोनशे वीसमध्ये दहा टक्के मिळवले तर २४२ होतात, दोनशे सत्तरमधून दहा टक्के वजा केले तर २४३. म्हणजे मधली जागा या दोघांनी मिळून आधीच व्यापलेली आहे, तिसरा बनवण्याची गरजच नाही. १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ ही सगळी मालिका याच हिशेबाने ठरली. त्यांना दहाने, शंभराने, हजाराने गुणत गेले की जवळजवळ सगळे दुकान झाले.

नवशिक्याने नेहमी वरचा आकडा घ्यावा, म्हणून २७०. मग करंट थोडा कमी, सव्वानऊ मिलिअँपिअरच्या आसपास. रेझिस्टरवर उष्णता किती? अडीच व्होल्ट गुणिले ०.००९३ अँपिअर, म्हणजे ०.०२३ वॅट. नेहमीचा लहान रेझिस्टर पाव वॅट सोसतो, दहापट जास्त. तेव्हा तो गरमही लागणार नाही. पांढऱ्या एलईडीसाठी साडेचारातून तीन गेले, दीड राहिला, भागिले ०.०१, उत्तर १५०. हा आकडा मालिकेत नेमका आहे.

आता पट्टे वाचायचे. रंगांचे अंक असे : काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. घोकायची गरज नाही. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला इंद्रधनुष्याचे 'तानापिहिनिपाजा' येते. त्यातला 'पा' काढून टाका आणि 'ता' म्हणजे तांबडा याला दोन धरून मोजा. ता दोन, ना तीन, पि चार, हि पाच, नि सहा, जा सात. अलीकडे अंधाराचे काळा-तपकिरी, पलीकडे उजेडाचे करडा-पांढरा. इंग्रजीतून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या लांबलचक वाक्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर सोनेरी किंवा चंदेरी पट्टा उजव्या हाताला धरायचा. तो अचूकपणा सांगतो. सोनेरी म्हणजे पाच टक्के, चंदेरी म्हणजे दहा. डावीकडचे पहिले दोन पट्टे दोन अंक, तिसरा पट्टा किती शून्ये द्यायची ते. लाल, जांभळा, तपकिरी : दोन, सात, एक शून्य. दोनशे सत्तर. नारिंगी, नारिंगी, तपकिरी तीनशे तीस. तपकिरी, काळा, लाल हजार, ज्याला दुकानात 'वन के' म्हणतात. निळसर अंगाचे पाच पट्ट्यांचे रेझिस्टर आले, तर पहिले तीन अंक आणि चौथा शून्यांचा. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी ओळखताना डोळा फसतो, म्हणून दिवसा उजेडी वाचावे किंवा मल्टिमीटर लावावा. काहीशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर या खेळात सर्वांत उपयोगी खरेदी आहे.

जोडणी

सामान थोडके. तीन पेन्सिल सेल आणि ते बसवायचा डबा, लाल व पांढरे मिळून चार-पाच एलईडी, २७०, १५०, १ के आणि १० के असे प्रत्येकी दोन-तीन रेझिस्टर, आणि चार क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी. क्लिप म्हणजे दोन्ही टोकांना दातेरी चिमटे असलेली वायर. कोल्हापुरात सुटे भाग मिळतात. पुण्याला गेलात तर तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांकडे चौकशी केली, तर एलईडी-रेझिस्टर ते मूठभर असेच देतील, असा आमचा अनुभव आहे. त्यांच्याशी मुलांची ओळख होते, हा वेगळा फायदा.

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय प्लसचा, आखूड मायनसचा. पाय कापलेले असतील तर खालची कड चाचपून पाहा. मायनसच्या बाजूला ती चपटी असते. रेझिस्टरला उलट-सुलट नसते.

डब्याच्या लाल वायरीला एक क्लिप, तिचे दुसरे टोक रेझिस्टरच्या एका पायाला. रेझिस्टरच्या दुसऱ्या पायापासून एलईडीच्या लांब पायाला दुसरी क्लिप. एलईडीच्या आखूड पायापासून डब्याच्या काळ्या वायरीला तिसरी. सेल मात्र सगळ्यांत शेवटी बसवायचे. दिवा लागतो.

"मामू, रेझिस्टर प्लसच्या बाजूलाच लागतो ना? आधी वीज अडवायला?" हा प्रश्न दहापैकी नऊ मुले विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. रेझिस्टर काढून एलईडीच्या पलीकडे, मायनसच्या बाजूला लावून पाहा. दिवा तितकाच उजळतो. वाट एकच आहे, तिच्यात कुठेही कॉक आवळला तरी सगळ्या वाटेवरची धार सारखीच बारीक होते. टाकीच्या नळाचेही असेच आहे; कॉक वर बसवा की खाली, बादली तेवढ्याच वेळात भरते.

आता २७० काढून तिथे १ के लावा. गणिताने करंट अडीच मिलिअँपिअरवर आला, जवळजवळ चौथाई. दिवा चौथाई दिसतो का? नाही. थोडासाच मंद दिसतो. १० के लावा, करंट पाव मिलिअँपिअर, तरी लाल ठिपका अंधाऱ्या खोलीत स्वच्छ दिसतो. आपला डोळा उजेड असा सरळ प्रमाणात मोजत नाही. याचा घरगुती उपयोग मोठा आहे. रात्री पाण्याला उठणाऱ्या दादीच्या उशाशी किंवा सहेरीच्या वेळी जिन्यात लहान दिवा हवा असेल, तर १ के लावावा. उजेड पुरतो आणि सेल सुमारे चौपट दिवस चालतात.

आणखी एक गंमत. एकाच २७० च्या पुढे लाल आणि पांढरा एलईडी शेजारी शेजारी, लांब पाय लांब पायाला आणि आखूड आखूडला, असे जोडा. पांढरा लागणारच नाही. लाल बंधारा ठेंगणा आहे, पाणी तिथूनच निघून जाते आणि तीन व्होल्टपर्यंत कधी चढतच नाही. आता लाल काढा, पांढरा लगेच उजळेल. म्हणून प्रत्येक एलईडीला त्याचा त्याचा रेझिस्टर द्यायचा. एकाच रंगाचे दोन असले तरी ते जुळ्या भावांसारखे तंतोतंत नसतात. ज्याचा माथा किंचित खाली, तो जास्त ओढतो आणि आधी जातो. पुठ्ठ्याच्या मशिदीला किंवा चांद-ताऱ्याला दिवे लावताना मुले इथेच हमखास फसतात.

दिवा लागलाच नाही, तर आधी एलईडी फिरवून पाहावा. साडेचार व्होल्टवर उलटा लागला तरी तो बहुधा सुखरूप राहतो. बहुतेक एलईडी उलट बाजूने सुमारे पाच व्होल्ट सोसतात, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आम्ही सुरुवातीला टाळतो ती यामुळेच. मग सेल उलटे बसलेत का ते पाहा. ब्रेडबोर्ड वापरत असाल, तर त्याच्या एका ओळीतली पाच भोके आतून जोडलेली असतात. एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खुपसले की वीज त्याला वळसा घालून जाते.

काय करायचे नाही

घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटशी या खेळाचा काहीही संबंध येऊ देऊ नये. मोठा रेझिस्टर लावून एलईडी सॉकेटवर चालवण्याच्या युक्त्या कोणी ना कोणी सांगतोच. तारेचे उघडे टोक हाताला लागले, तर रेझिस्टरचा हिशेब जीव वाचवत नाही. बाजारातल्या स्वस्त माळांचेही तसेच. दिवे दोन-तीन व्होल्टचे असले तरी माळ सॉकेटला जोडलेली आहे, सोललेल्या वायरीवर पूर्ण झटका बसू शकतो. लग्नाच्या मांडवात आणि मिरवणुकीत मुलांना त्या ओढू देऊ नयेत.

मोबाईलची जुनी, फुगलेली बॅटरी प्रयोगाला घेऊ नये. तिची दोन टोके चुकून जुळली की ती पेट घेऊ शकते. पेन्सिल सेलच्या डब्याच्या लाल-काळ्या वायरीही एकमेकींना टेकू देऊ नयेत. तिथे आग लागत नसली तरी सेल चटका बसेल इतके तापतात.

बटण सेलबद्दल मात्र आम्ही जरा जोर देऊनच सांगतो. खेळण्यांत, रिमोटमध्ये आणि उजेड पाडणाऱ्या फुग्यांत तो चपटा गोल सेल असतो. त्याचे दोन चेहरे एलईडीच्या दोन पायांत धरले की रेझिस्टर नसतानाही दिवा लागतो, कारण त्या सेलच्या पोटातच बराच रोध असतो. मुलांना ही युक्ती फार आवडते. पण घरात रांगणारे, तोंडात घालणारे मूल असेल, तर तो सेल घरात उघडा नको. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजते. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठावा. उलटी करवू नये.

जोड पक्का करायचा झाला तर सोल्डरिंग. आपल्या जुन्या भाषेत भांड्याला डाग देणे, तेच. कल्हईवाले वापरतात ते कथिल यातही असते, पण नेहमीच्या सोल्डरच्या तारेत शिसेही असते. म्हणून खिडकी उघडी, आणि काम संपल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. सोल्डरिंग गन मोठ्या माणसाशिवाय मुलांच्या हातात नको. आमच्याकडे हे काम भाच्याने केले, आणि बहिणीने पुढच्या दिव्याचा हिशेब त्याला कागदावर काढून दिला : मोटारसायकलच्या सीटखाली लहान लाल दिवा हवा होता.

तो हिशेब वाचकांच्याही उपयोगी पडेल. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.४ पर्यंत चढते. हिशेब नेहमी चढत्या आकड्यावर करायचा. १४.४ मधून दोन गेले, १२.४ राहिले. १ के लावला तर करंट १२.४ मिलिअँपिअर. उष्णता १२.४ गुणिले ०.०१२४, म्हणजे ०.१५ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर चालेल पण कोमट होईल, तेव्हा अर्ध्या वॅटचा घ्यावा. आणि बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीत आधी फ्यूज. गाडीची बॅटरी एवढा करंट देऊ शकते की कुठे वायर घासून उघडी पडली, तर रेझिस्टरच्या अलीकडेच आग लागेल.

सराव करायला नवे भाग विकत घेण्याची गरज नाही. आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे जुना ट्रान्झिस्टर, कॅसेट प्लेअर किंवा सेलवर चालणारे मोडके खेळणे दहा-वीस रुपयांना मिळते. त्यातल्या एका बोर्डावर रेझिस्टरांची रांग असते. पट्टे वाचून आकडा वहीत लिहायचा, मग मल्टिमीटरने ताडून पाहायचा. बोर्डात बसलेल्या रेझिस्टरला शेजारच्या भागांची वाट मिळते आणि मीटर कमी दाखवतो, म्हणून निदान एक पाय मोकळा करून मोजावा. टीव्ही, इन्व्हर्टर, चार्जर, सीएफएल यांचे बोर्ड मात्र घेऊ नयेत. त्यांतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही बराच वेळ भरलेले राहतात.